तळहातावर मोजलेला उजेड

मुलचेरा
८ फेब्रुवारी २००८

प्रिय दादा,

सप्रेम जयभीम.

रविवारपासून तुला नऊ वेळा फोन लावला. आधी वाटलं तू ड्युटीवर असशील, मग वाटलं रेंज नसेल. बुधवारी तुझ्या रूमवरच्या प्रफुलनं उचलला आणि म्हणाला, "खुशालभाऊ आंघोळीले गेले." संध्याकाळी पुन्हा लावला तर तेव्हाही आंघोळीलाच. दिवसातून दोनदा एवढा वेळ आंघोळ करणारा माणूस गडचांदुरात दुसरा नसेल. तेव्हा समजलं की मामाचा फोन तुला माझ्याआधी पोचला आहे. मामा काय म्हणाला असेल तेही मला माहीत आहे, कारण तेच तो आपल्या अंगणात उभा राहून मला म्हणाला, "तुह्या त्या कॅमेऱ्यानं सोयरिकीची माती केली." म्हणून हे पत्र. फोनवर तू "हं" आणि "ठीक आहे" यापलीकडे जात नाहीस आणि मी रडायला लागते. कागदावर या दोन्ही अडचणी नाहीत. रागव, पण शेवटपर्यंत वाच.

जे झालं ते आधीच सांगून टाकते. तुला ठेकेदारानं रजा दिली नाही म्हणून रविवारी तुझ्याशिवायच कांताकडचे लोक आपलं घर पाहून गेले. तू सिमेंट कंपनीत परमनंट नाहीस, ठेक्यावर पोती भरायला, पॅकिंगला आहेस, हे त्यांना कळू नये असं तुला वाटत होतं. ते त्यांना कळलं. मी तोंडानं सांगितलं नाही, पण कळलं ते मी काढलेल्या फोटोवरून. आता यात माझा दोष किती आणि कॅमेऱ्याचा किती, हे ठरवायचं तर कॅमेऱ्यापासूनच सांगायला हवं. तुला त्यातलं अर्धं माहीत आहे, पण अर्धं नाही.

पोळा झाल्यावर आपण दोघं नागपूरला सीताबर्डीवर गेलो होतो. त्याआधी सहा महिने मी दर महिन्याला चंद्रपूरच्या इंटरनेट कॅफेत बसून दोनशे पानी वही भरली होती. कोणता कॅमेरा अंधारात कसा, कोणत्याचं बटण दाबल्यावर फोटो उशिरा निघतो, कोणत्याचं भिंग किती उजेड आत घेतं. दुकानदारानं मात्र वहीकडे पाहिलंच नाही. त्यानं तुझ्याकडे पाहून एक चपटा चकचकीत कॅमेरा काढला आणि म्हणाला, "भाऊ, मॅडमसाठी हा घ्या, बारा मेगापिक्सल, गुलाबी कलर बी आहे." तू म्हणालास, "त्यायलेच विचारा. मी तं थैली धरायले आलो." मला हसू आवरेना. मग तू स्वतःच काचेतल्या मोठ्या कॅमेऱ्याकडे बोट दाखवलंस, "तो घे ना, लग्नातले फोटोग्राफर वापरते तसा."

मी तुला तिथेच काउंटरवर समजावून सांगितलं होतं आणि मागे गिऱ्हाईक ताटकळलं होतं. त्या मोठ्या कॅमेऱ्याची लेन्स बदलताना धूळ आत शिरते, आणि मी तुझ्याकडे गडचांदूरला येणार म्हणजे धूळ ठरलेलीच. त्याला वेगळी बॅग लागते. मी तर एस.टी.त वह्यांचा गठ्ठा घेऊन उभी असते. आणि आमच्या या भागात कुणासमोर लांब लेन्स धरली की माणसं उगाच सावध होतात, बोलणं बंद करतात. मला लहान हवा होता, पण हुशार हवा होता. उजेड किती घ्यायचा, पडदा किती वेळ उघडा ठेवायचा, हे मला ठरवू देणारा. तसा एक कोपऱ्यात पडलेला होता, साबणाच्या डबीसारखा जाड, काळा, वर फिरवायची चकती, मागचा पडदा खिडकीसारखा बाजूला उघडणारा, डोळा लावायला बारीक भोक, आणि मुख्य म्हणजे चार पेन्सिल सेलवर चालणारा. मुलचेऱ्यात वीज कधी येईल सांगता येत नाही, पण पेन्सिल सेल प्रत्येक किराणा दुकानात मिळतात. दुकानदार नाराज झाला. "हा कोणी घेत नाही मॅडम." तू माझ्या कानात म्हणालास, "कोनी घेत नाई तेच तू काऊन घेते?" आणि मग त्याला म्हणालास, "सायन्सच्या बाई हायेत त्या, त्यायले कळते. बांधून द्या." परतीच्या बसमध्ये मी तुला सांगितलं की भिंगावरचा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त. तो उलटा कारभार तुला इतका आवडला की तू रूमवर सगळ्यांना परीक्षेसारखा विचारत होतास असं प्रफुलनं सांगितलं.

पहिला महिना मी सगळं झूम करून काढलं. झाडावर पानं शिवून केलेलं लाल मुंग्यांचं घरटं, नाल्यावरचा खंड्या, शाळेच्या छपरावरचं माकड. सगळे फोटो हलले. मग मी झूम सोडला आणि जवळ जायला शिकले. हा कॅमेरा एका बोटाच्या अंतरावरूनही मुंगी धरतो. मुंग्यांनी मनगटाला चावे घेतले, पण फोटो निघाला. मागचा पडदा उलटा फिरवला की मुलं स्वतःला त्यात पाहतात, त्यामुळे सातवी-आठवीचा अख्खा वर्ग माझ्यामागे डब्यावरच्या माशांसारखा. हे सगळं मी तुला फोनवर सांगितलंच आहे आणि तू "हं" म्हणाला आहेस.

जे सांगितलं नाही ते माणसांच्या फोटोंचं. आमच्या आठवीत सोमारी नावाची मुलगी आहे, आपल्याच रंगाची, थोडी अधिकच सावळी. शाळेच्या पांढऱ्या भिंतीपुढे तिचा फोटो काढला तर भिंत छान आली आणि सोमारी नुसता काळा ठिपका. जवळ जाऊन चेहऱ्याचाच काढला तर ती राखेसारखी फिकट. फ्लॅश मारला तर कपाळ चमकलं. तिनं तीनही फोटो पडद्यावर पाहिले आणि मला विचारलं, "बाई, यातली मी कोनती होय?" वहीत वाचलं होतं की कॅमेऱ्याला रंग कळत नाही. समोर जे येईल ते मध्यम राखाडी आहे असं धरूनच तो उजेड ठरवतो. म्हणजे काळ्याला उजळवतो, पांढऱ्याला काळवंडतो. हे वाचताना मला ते नुसतं कलम वाटलं होतं. सोमारीनं विचारल्यावर कळलं की आपल्या घरातल्या एकाही फोटोत आई आईसारखी का नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मी इकराकडे गेले होते, माझी कॉलेजची मैत्रीण, तिच्या वडिलांचा चंद्रपूरला फोटो स्टुडिओ आहे. लियाकतचाचांनी कॅमेरा हातात घेऊन उलटसुलट केला आणि म्हणाले, "खिलौना अच्छा है बेटा." मग सोमारीचे तीन फोटो पाहिले. माझा हात धरला आणि पालथा होता तो उताणा केला. शेजारी आपला ठेवला, इकराचा ठेवला, चहा घेऊन आलेल्या पोऱ्याचाही ठेवून घेतला. "चेहरा हर किसीका अलग. हथेली देख, सबकी एक." तीस वर्षं त्यांनी असाच उजेड मोजला. समोरच्याला तळहात चेहऱ्याजवळ धरायला सांगायचा, उजेड चेहऱ्यावर मोजायचाच नाही, तळहातावर मोजायचा, आणि तळहात जरा उजळ असतो म्हणून एक घर जास्त, म्हणजे दुप्पट उजेड, द्यायचा. माझ्या कॅमेऱ्यात ते सोपं आहे. आधी प्लस एक लावायचं, हातावर बटण अर्धं दाबून धरायचं, मग कॅमेरा चेहऱ्यावर आणून पूर्ण दाबायचं. सुट्टी संपल्यावर सोमारीला चिंचेच्या सावलीत उभं केलं. तिनं हात दाखवला, मी मोजला. पडद्यावर पाहून तिनं मैत्रिणीला ओढलं आणि म्हणाली, "हा माहा फोटो होय." दादा, पदवीच्या निकालाच्या दिवशी मला जेवढा आनंद झाला नव्हता तेवढा त्या दुपारी झाला.

आता गडचांदूर. डिसेंबरात मी न सांगता आले. ठेक्यावरची माणसं ये-जा करतात त्या कंपनीच्या मागच्या गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर बसले. शिफ्ट सुटली, माणसं बाहेर आली, आणि सगळी एकाच रंगाची. मी तुला ओळखलंच नाही. तू समोरून गेलास, तूच थांबलास आणि ओरडलास, "तू इथी काऊन आलीस?" मी म्हटलं, "काऊन, भावाले भेटायले बी पास लागते का?" तुला नळावर जाऊन आधी तोंड धुवायचं होतं. मी जाऊ दिलं नाही. तुझ्या चेहऱ्याचे दोन भाग झाले होते. नाकाच्या मध्यापासून वर सगळं राखाडी, भुवया, पापण्या, केस. आणि खाली, जिथे रुमाल बांधलेला होता, तिथे तुझा स्वतःचा रंग. मधली रेघ पट्टीनं मारल्यासारखी सरळ. मी म्हटलं, "हात दाखव." तू म्हणालास, "ज्योतिष पाह्यतेस का?" मी तळहातावर उजेड मोजला, एक घर जास्त दिलं, फोटो काढला. तू पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा पांढराफेक. रेघ गायब. दुसरा तसाच, तिसरा तसाच. तू पडद्यात पाहून टपरीवाल्याला म्हणालास, "पाह्य, झालो ना मी गोरा!" सगळे हसले. मला वाटलं कॅमेरा बिघडला. चहावर साय धरली.

मग मी तुझा हात पुन्हा ओढून पाहिला, या वेळी कॅमेऱ्यातून नाही, डोळ्यानं. चाचांचा नियम धुतलेल्या हातांचा होता. तुझ्या तळहाताच्या रेषांमध्ये, नखांत, बोटांच्या पेरांत सिमेंट बसलेलं होतं. अगदी मध्यम राखाडी. कॅमेरा सगळ्या जगाला जी राखाडी समजून चालतो, नेमकी तीच. वहीत मी लिहून घेतलं होतं की मोठे फोटोग्राफर उजेड मोजायला एक राखाडी पुठ्ठा विकत घेतात. सीताबर्डीवर विचारला होता, मिळाला नव्हता. तो तुझ्या हातावर होता आणि मी त्यावर वरून एक घर वाढवून सगळं पांढरं करत होते. मी वाढवलेलं काढून टाकलं. शून्यावर ठेवलं. चौथा फोटो.

तो तू नीट पाहिला नाहीस. तुला नळाची घाई होती. मी रात्रभर एस.टी. स्टँडवर, नंतर बसमध्ये, पडद्यावर तोच पाहत होते. त्यात पापणीवरचा एकेक कण दिसतो. राखाडी राखाडी आहे आणि तू तू आहेस. तू हसत नाहीस, पण नुकताच हसून थांबला आहेस. डोळे लाल आहेत. मला अकरावीत त्रिकोणमिती तू शिकवलीस ना, सिमेंटच्या फाटक्या पोत्याच्या खाकी कागदावर, त्या वेळी मी चुकले की तू असाच पाहायचास. बाबा गेले तेव्हा तू स्वतः अकरावी सायन्सला होतास आणि गणितात माझ्यापेक्षा कितीतरी पुढे. शाळा सोडताना तू आईला काय सांगितलंस ते तिनं मला मागच्या वर्षी सांगितलं. "मन लागत नाई," म्हणालास म्हणे. मन लागत नसलेल्या माणसानं मग दोन वर्षं बहिणीला गणित कसं शिकवलं?

तू नळावरून तोंड धुऊन आलास आणि म्हणालास, "हा फोटो कोनाले दाखवू नोको." मी विचारलं, "आईले?" "आईले दाखव. मामाले नाई, दुसऱ्या कोनाले नाई." मी हो म्हटलं. चंद्रपूरच्या लॅबमध्ये एकच प्रत काढली आणि आईला दिली. जानेवारीत चंद्रपूरच्या हौशी फोटोग्राफरांचं प्रदर्शन होतं. माझे दोन फोटो लागले, मुंग्यांचं घरटं आणि सोमारी. सर्टिफिकेट मिळालं, तुला पाठवलं होतं. लियाकतचाचा येऊन दोन्हींसमोर उभे राहिले आणि विचारलं, "बस, इतनेही?" मी हो म्हटलं. आयुष्यात त्यांच्याशी तेवढंच खोटं बोलले. माझा सगळ्यात चांगला फोटो आईच्या पेटीत होता आणि तिथेच राहणार होता. मी तुझा शब्द पाळत होते, दादा, हे मला तुला सांगायचं आहे.

त्याच महिन्यात मामानं तुला स्टुडिओत नेऊन स्थळासाठी फोटो काढला. निळा पडदा, खुंटीवरचा कोट, टाय. कॉम्प्युटरवर तुला इतकं उजळवलं की हनुवटीवरची खूणही गेली. आईनं तो हातात घेऊन विचारलं, "हा कोनाचा पोरगा व?" आणि आपण सगळे हसलो. मग तू, मी, आई आणि मामा कांताला पाहायला कोरपन्याकडे गेलो. मामा तिच्या वडिलांना, डोमाभाऊंना, म्हणाला, "पोरगा कंपनीत आहे." तू खाली पाहत होतास. परत येताना बसमध्ये तू मला तीनदा विचारलंस की ती अंगणवाडीत कधीपासून जाते असं म्हणाली. तीनदा, दादा. म्हणून मला माहीत आहे की हे स्थळ तुझ्यासाठी इतर स्थळांसारखं नाही. आणि म्हणूनच रविवारपासून मी तुला फोन लावत होते.

रविवारी डोमाभाऊ, त्यांची बायको आणि कांता आले. मुलीनंही घर पाहायला यावं असा हट्ट मीच धरला होता, मामाचा त्याला विरोध होता. पोहे झाले, चहा झाला. कांता स्टुडिओतला फोटो घेऊन बसली होती. एकदा फोटो पाहायची, एकदा मला. आपण तिला पाहायला गेलो तेव्हा तिनं मान वर करून तुला नीट पाहिलंही नव्हतं, आणि आपण दोघं दिसायला सारखे, त्यामुळे तिला काहीतरी जुळत नव्हतं. डोमाभाऊंना खोकला आहे, बोलतात हळू. त्यांनी मामाला विचारलं, "पोरगा कंपनीत कोनत्या गेटनं जाते?" मामा म्हणाला, "मेन गेटनं. आनखीन कोनत्या?" डोमाभाऊ म्हणाले, "बरं." त्या 'बरं'मध्ये काय होतं ते मला तेव्हा कळलं नाही. कोरपन्याकडच्या माणसाला सिमेंट कंपनीत कोण कोणत्या गेटनं जातं हे आपल्या घराच्या दारासारखं माहीत असतं, हे मामाच्या ध्यानातच आलं नाही.

तेवढ्यात आई उठली आणि पेटीकडे गेली. इथे मी थांबून तुला एक गोष्ट खरी सांगते. मी तिला पाहिलं. पेटी उघडताना पाहिलं, ती काय काढणार तेही मला कळलं. मी दोन पावलांवर होते. "आई, राहू दे" म्हणता आलं असतं. मी कपबश्या गोळा करायला लागले. शब्द मी मोडला नाही असं मी म्हणू शकते, आईला दाखवायची परवानगी तूच दिली होतीस, आणि पुढचं तिनं केलं. पण ते वकिली उत्तर झालं. मला ते व्हायला हवं होतं. सोमारीचा चेहरा खरा यावा म्हणून मी महिनाभर झगडले आणि माझ्याच घरात माझ्याच भावाचा खोटा चेहरा पाहुण्यांच्या हातात होता.

आईनं तुझा फोटो डोमाभाऊंसमोर धरला. "तो पाहू नोका जी. त्यात पोरगाच नाई. हा पाहा." मामा आईला म्हणाला, "मनकर्णा, ठेव ते आत." डोमाभाऊंनी फोटो घेतला आणि दाराच्या उजेडात गेले. फोटो तिरपा करून पाहिला. मग म्हणाले, "हा पॅकिंगले आहे." आईच म्हणाली, "हो. ठेकेदाराकडं. आठ वर्स झाले. याच्याच जिवावर माही पोरगी बीएस्सी झाली." डोमाभाऊ मामाकडे न पाहता म्हणाले, "पॅकिंगवाले मेन गेटनं जात नाई." आणि पुन्हा फोटोत पाहत म्हणाले, "मी खदानीत होतो अकरा वर्स. रुमाल असा नाकावर बांधनारे कमी राह्यते. बाकीचे गळ्यात लटकवते, अन् मंग माह्यासारखे खोकत बसते." त्यांनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. फोटो कांताकडे दिला. तिनं आधी ओढणीला बोटं पुसली आणि मग तो घेतला. तिनं किती वेळ पाहिला ते मी मोजलं नाही, पण जाताना तिनं तो दोन्ही हातांनी आईला परत दिला. स्टुडिओतला फोटो खाटेवरच राहिला.

ते गेल्यावर मामा अंगणात काय काय बोलला ते तुला त्यानं सांगितलंच असेल. आई काय बोलली ते सांगितलं नसेल. ती म्हणाली, "सोयरीक पोराची करून राह्यलो का कोटाची?" आणि भांडी घासायला बसली. मामा न जेवता गेला. मला वाईट वाटलं, कारण त्यानं केलं ते तुझ्या भल्यासाठीच केलं. पण मला अभिमान वाटत होता, आणि तो लपवता येत नव्हता. आईचा वाटत होता. तुझा तर किती, ते लिहिता येत नाही. तुझा फोटो हातात घेऊन एक परका माणूस उजेडात जाऊन उभा राहतो आणि त्याला आधी तुझ्या रुमालाची रेघ दिसते. मी काढलेल्या कुठल्याच फोटोकडे कुणी तसं पाहिलेलं नाही.

आता हे पत्र आजच का लिहिलं ते सांगते. काल मधल्या सुट्टीत कांताचा फोन आला. रविवारी जाताना तिनं माझा नंबर घेतला होता. तिनं तुझ्या रूमचा पत्ता मागितला. मी म्हटलं, त्याचा फोन नंबर देते, तर म्हणाली, "नाई. फोनवर मानूस घाईत काईबी बोलून देते. मी लिहून विचारतो." काय विचारायचं आहे असं मी विचारलं, तर म्हणाली, "ते त्यायलेच विचारन." पण ठेवता ठेवता तिनं एवढं सांगितलं, की ठेक्यावरच्या कामाबद्दल तिच्या वडिलांचं काही म्हणणं नाही, त्यांचं स्वतःचं आयुष्य त्यातच गेलं. ते एवढंच म्हणतात, "मामा खोटं बोलला का पोरगा खोटं बोलला, ते मालूम कर." मी पत्ता दिला. ती रविवारी सुट्टीच्या दिवशी लिहिणार आहे आणि कोरपन्याहून तुझ्याकडे पत्र एका दिवसात पोचतं, म्हणून हे मी टपालात टाकत नाही. आमच्या शाळेच्या सुगंधाबाई उद्या राजुऱ्याला लेकीकडे जात आहेत, त्यांचा जावई तुमच्याकडेच ट्रक आणतो, तो हे तुला हातात देईल. दादा, कांतानं अजून हो म्हटलेलं नाही, आणि मी तुला तसं भासवणार नाही. ती विचारेल तेव्हा तू खोटं बोलला नव्हतास हे लिही, पण मामा बोलत होता तेव्हा तू खाली पाहत गप्प बसला होतास, तेही लिही. काय म्हणून गप्प बसलास ते मला माहीत आहे, तिला माहीत नाही. तिचं पत्र आलं की त्याच दिवशी उत्तर दे. मामाला विचारून लिहू नकोस. मलाही नाही.

तुझीच,
नूतन